विमानांचं छापील वेळापत्रक: गेलं ते बरं झालं?

जुना बाजार वारकरी:
रविवारी जुन्या बाजारात वीस रुपयांत इंडियन एअरलाइन्सचं खिशात मावेल असं वेळापत्रक मिळालं. चहा गार झाला तरी वाचतच होतो. वार आकड्यांत, १ म्हणजे सोमवार, ७ म्हणजे रविवार. पुण्याचा कोड पीएनक्यू. शहराचं नाव बदललं, कोड 'पूना'चाच राहिला. माझं म्हणणं एवढंच, की तिकिटांचं अ‍ॅप विचारलं तेवढंच सांगतं. यात दिल्ली शोधताना त्याच पानावर दिब्रुगड आणि दिमापूर भेटतात. तिकडे जायचं नसतं, पण जाता येतं हे कळतं.

घाटातली टॅक्सी:
अ‍ॅपमध्ये 'कुठेही' असा पर्याय असतो काका, दाबून बघा. आणि त्या पुस्तकात आपलं पुणं केवढंसं? लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यांचं उरकलं की उरलेल्या वेळा आपल्याला. परदेशी जायचं तर मुंबईच गाठायची. २००२ला द्रुतगती मार्ग पूर्ण होण्याआधी आमचे बाबा पहाटेच्या विमानासाठी आदल्या दुपारीच निघाले होते, कारण खंडाळ्यात ट्रक कधी आडवा होईल हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसायचं. शिवाय मार्चअखेरच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरअखेरच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागू होतं. मधले बदल कागदाला कोण जाऊन सांगणार?

वारकरी:
दाबलं. 'कुठेही' म्हणजे स्वस्तात कुठे, एवढंच सांगतं ते.

काउंटरपलीकडचा:
लक्ष्मी रोडवर बरीच वर्षं तिकिटं काढली, म्हणून बोलतो. खिशातलं पुस्तक गिऱ्हाइकांसाठी. आमचं काम जाडजूड गाइडवर चालायचं. अमेरिकेतलं ओएजी १९२९पासूनचं, ब्रिटिश एबीसी १९४६चं. जगभरातल्या विमान कंपन्यांची वेळापत्रकं एकाच ठिकाणी, अक्षरं मुंगीएवढी. एक विमान सोडून दुसरं धरायला कुठल्या विमानतळावर किमान किती मिनिटं हवीत, तेही त्यात असे. "फ्रँकफर्टला पाऊण तास पुरेल का हो?" याचं उत्तर पान उलटून द्यायचो, तेव्हा रुबाब असायचा!

पण खरं सांगू? ते गाइड कायम काउंटरच्या आमच्या बाजूला. गिऱ्हाइकाने मान वाकडी केली तरी त्याला उलटंच दिसायचं. ज्या विमानात कमिशन जास्त, ते आम्ही आधी वाचून दाखवायचो. आता पोरंटोरं मोबाइलवर दहा कंपन्या ताडून बघतात. टॅक्सीवाल्यांच्या बाजूने माझं मत.

घाटातली टॅक्सी:
घ्या! साक्षीदार फुटला.

वारकरी:
फुटू दे. गाइड माझ्या बाजूला फिरवून ठेवलं असतंत तर भांडण कागदाशी नव्हतंच ना? बरं, ती जुनी गाइडं गेली कुठे?

काउंटरपलीकडचा:
नवा अंक आला की मागचा रद्दीत. कागद इतका पातळ, की रद्दीवाला म्हणायचा, याच्यात भेळसुद्धा बांधता येत नाही.