दुसऱ्या शिक्षकांच्या कल्पना आपल्या वर्गात कशा आणता?

प्रश्न – द्विशिक्षकी

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत घेते. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सांभाळतात. शिक्षकांच्या अनेक व्हॉट्सॲप गटांत मी आहे आणि तिथे शैक्षणिक साहित्याची छायाचित्रे, कृतिपत्रिका, चित्रफिती यांचा ओघ सतत चालू असतो. त्यांतील बरेच काही देखणे असते. मात्र माझी अडचण त्याने सुटते असे क्वचितच घडते.

एक उदाहरण देते. तिसरीतील निम्म्याहून अधिक मुले 52 मधून 27 वजा करताना 35 असे उत्तर लिहितात. एककाच्या घरात 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून ती सरळ 7 मधून 2 वजा करून मोकळी होतात. गटात विचारले तेव्हा ‘दशक-सुटे वापरा’ असे उत्तर आले आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मी वापरलेलेच आहेत. काड्या हातात असताना हीच मुले एक गठ्ठा सुटा करून 25 हे उत्तर बरोबर काढतात, परंतु वहीत उभी मांडणी केली की पुन्हा 35. शिवाय मी तिसरीपाशी बसते तेव्हा चौथीला अर्धा तास पुरेल असे, तरीही निव्वळ वेळकाढू नसलेले काम द्यावे लागते, याचा विचार कोणत्याही चित्रफितीत दिसत नाही.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे बोलता यावे अशी अपेक्षा असते, पण तिथला वेळ बहुधा परिपत्रके आणि ऑनलाइन भरायच्या माहितीतच सरतो. म्हणून विचारते की, सहकारी शिक्षकांकडून आपण खरोखर काही उचलले असेल, तर ते नेमके कसे विचारले आणि आपल्या वर्गापुरते कसे बदलून घेतले?

उत्तर 1 – पाटीपेन्सिल

मॅडम, आधी वजाबाकीविषयी. आपल्या वर्णनावरून असे दिसते की मुलांच्या लेखी काड्यांचे काम आणि वहीतले काम ही दोन वेगळी कामे आहेत. मी शेजारच्या शाळेतील एका बाईंचा तास मागे बसून पाहिला, तेव्हा त्यांनी ही दोन्ही कामे जोडीत वाटून दिलेली होती. एका मुलाच्या हातात काड्या, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. पहिल्याने गठ्ठा सोडला की त्याच क्षणी दुसऱ्याने 5 खोडून 4 लिहायचे आणि एककाच्या घरातील 2 चे 12 करायचे. काड्यांत न घडलेली कोणतीही गोष्ट वहीत लिहायची नाही आणि काड्यांत घडलेली कोणतीही गोष्ट लिहिल्यावाचून सोडायची नाही. पुढच्या उदाहरणाला भूमिका बदलायच्या. काड्यांचे गठ्ठे आमच्याही कपाटात होते, त्यामुळे साहित्यात नवे काही नव्हते. हा नियम मात्र नवा होता आणि तो छायाचित्रात दिसला नसता.

ज्यांचे उत्तर तरीही 35 येत असे, त्यांना त्या बाई ‘चूक’ असे म्हणत नसत. 27 मध्ये 35 मिळवून पाहा, एवढेच सांगत. 62 आले की मूल स्वतःच थबकत असे. त्यानंतर शंभर मण्यांच्या गणितमाळेवर 27 पासून 52 पर्यंतचे अंतर मोजायला लावत: 30 पर्यंत 3 मणी, तिथून 50 पर्यंत 20, पुढे 2, म्हणजे एकूण 25. हातच्याचा प्रश्नच येत नसल्याने उत्तर पडताळण्यासाठी ही दुसरी वाट फार उपयोगी ठरते.

चौथीसाठी मी त्यात माझी भर घातली. तिसरीच्या वह्यांतील चुकीची आणि बरोबर सोडवलेली उदाहरणे, नावे न देता, एका कागदावर उतरवून चौथीच्या गटाला देतो. कोणती चुकली, कशी चुकली आणि सोडवणाऱ्याने काय विचार केला असेल, हे त्यांनी वाक्यांत लिहायचे. यात अर्धा तास सहज जातो. ती वाक्ये नंतर तिसरीला वाचून दाखवली, तर माझ्या स्पष्टीकरणापेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकली जातात.

आता विचारण्याविषयी. ‘वजाबाकी कशी शिकवावी’ असे विचारले की उत्तरही तितकेच ढोबळ येते. वहीचे पान, मुलाचे नाव झाकून, गटात टाका आणि विचारा की या मुलाला उद्या आपण पहिला प्रश्न कोणता विचाराल? उत्तरे थोडी येतील, पण ती वर्गात असे पान पाहिलेल्या माणसांचीच असतील.

उत्तर 2 – माजी साधनव्यक्ती

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘तास पाहणे’ हा भाग तिथे ओझरता आला आहे. साताऱ्यातील कुमठे बीटमधील (शिक्षण विभागाने देखरेखीसाठी केलेल्या शाळांच्या गटातील) शाळांचे ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या कृतीतून व अनुभवातून शिकते असे मानणारे, काम पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक जात होते, आणि 22 जून 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राच्या शासन निर्णयानंतर तर त्याची चर्चा घरोघर नसली तरी शाळोशाळी पोचली. पाहून आलेल्यांनी आपापल्या शाळेत काय आणले? पुष्कळ ठिकाणी फरशीवर रंगवलेल्या आकृत्या आणल्या. मूल त्या आकृतीवर बसून काय करते, अडले तर कोणाला विचारते, त्या वेळी शिक्षक कुठे असतो, हे टिपून आणणारे थोडे होते. त्यांच्या शाळांत काम टिकले. रंग उडाल्यावर बाकीच्यांकडे काय उरले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

याउलट मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम आठवावा. 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेला आणि 1978 पासून जिल्हाभर पसरलेला हा कार्यक्रम 2002 मध्ये शासनाने बंद करेपर्यंत चालला. त्यात शिक्षकांच्या मासिक बैठकांना मध्यवर्ती स्थान होते: पुढचे प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून पाहायचे, मागच्या पाठात वर्गात काय अडले ते मांडायचे, आणि ते अनुभव पाठ्यपुस्तकाच्या फेरलेखनापर्यंत पोचवायचे. तिथे शिक्षकाची अडचण हीच कामकाजाची विषयपत्रिका असे.

जपानमध्ये एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या पाठ-अभ्यासाच्या पद्धतीत काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, एक जण तो शिकवतो आणि उरलेले मुलांकडे पाहून टिपणे घेतात. नंतरची चर्चा त्या पाठाची असते, शिकवणाऱ्याची नव्हे. आपल्याकडे तास पाहणे म्हणजे तपासणी हा समज इतका पक्का आहे की शेजारच्या वर्गात नुसते बसायचे म्हटले तरी सहकारी अवघडतात. म्हणून पहिला तास आपला दाखवावा.

उत्तर 3 – सातपुडा

गटांवर येणाऱ्या छायाचित्रांना इतके कमी लेखू नये असे मला वाटते. पावसाळ्यात आमच्याकडे नदी ओलांडून शेजारच्या शाळेत जाणेच होत नाही. तास पाहायला जायचे कुठे? मी छायाचित्र टाकणाऱ्या शिक्षकांना खासगी संदेश पाठवून विचारतो की पट किती आहे, मुलांची घरची भाषा कोणती, आणि या कृतीत कोणते मूल बाजूला पडले. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांशी मी संपर्क ठेवतो. आमची मुले घरी पावरी बोलतात, त्यामुळे लांबलचक सूचनांची कृतिपत्रिका इथे चालत नाही. जोडीत काड्या आणि पेन्सिल वाटून देण्याची वरील कृती मात्र जवळजवळ न बोलता करता येईल.

द्विशिक्षकी

सर्वांचे आभार. जोडीची कृती याच आठवड्यात करून पाहते, आणि चौथीला चुका शोधण्याचे काम देताना उदाहरणे हातच्याची आणि बिनहातच्याची मिसळून देईन, कारण काही मुले गरज नसतानाही दशक सोडतात असे मला दिसले आहे. पुढच्या शिक्षण परिषदेला वहीची चार-पाच पाने घेऊन जावे असा विचार आहे, पण त्यांना वेळ मिळेल का, ही शंका आहेच.

माजी साधनव्यक्ती

केंद्रप्रमुखांना आधी भेटून पहिला पाऊण तास मागून घ्या आणि पाने सर्वांच्या हातात देता येतील इतक्या प्रती काढून न्या. परिपत्रके जेवणानंतर वाचली तरी त्यांतील मुदती बदलत नाहीत.