उणे बावीसात बीगल सोडावी का? आकडा कुठला धरता?

सिन्नरकर_डुलुथ

राम राम मंडळी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, डुलुथ शहराच्या वर, सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठाला राहतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या म्हाताऱ्या फिनिश आजोबांना कुत्री झेपेनात, तेव्हा त्यांनी एक मला दिली. १३ इंची बीगल, मादी, आता चार वर्षांची. नाव तुतारी. का, ते तिनं तोंड उघडलं की कळतं.

आजोबांनीच मला रानात नेलं. इथला ससा म्हणजे स्नोशू हेअर. हिवाळ्यात पांढराफेक, मागचे पंजे खडावांएवढे. उठला की बिळात घुसत नाही, मोठा फेरा मारून पुन्हा आपल्याच रानात येतो. मागावरची बीगल सारखी भुंकत असते. आपण एका जागी उभं राहायचं आणि तिचा सूर कुठून कुठे चाललाय ते ऐकायचं. खरं सांगतो, बंदूक बऱ्याचदा खांद्यावरच राहते.

अडचण अशी की मला सुट्टी फक्त शनिवारी आणि हंगाम फेब्रुवारीअखेर संपतो. गेल्या शनिवारी सकाळी फोनवर उणे २२ सेल्सिअस होतं. आजोबा म्हणाले, "कुत्र्याला कळतं, नको असेल तर पिकअपपाशी येऊन बसेल." बायको म्हणाली, "लेकराला घेऊन कुठे निघालात?" मी दारात बूट घालून अर्धा तास उभा.

तुम्ही किती अंशांखाली सोडत नाही? थंड हवेनं फुप्फुसं गोठतात म्हणे, ते खरं का? आणि बूट घालायचे का तिला?

थंडर_बे

माझा आकडा उणे २०. कुत्र्यामुळे नाही, माझ्या बोटांमुळे. कुत्रा तक्रार करत नाही, मी करतो.

कऱ्हाडचा_पाहुणा

तुतारी नाव ठेवलंय तर आधी पक्ष सांगा, मग सल्ला देऊ.

यूपीतली_काकू

यूपी म्हणजे उत्तर प्रदेश नव्हे, मिशिगनचा अप्पर पेनिन्सुला. तुझ्याच सरोवराच्या दक्षिण काठाला. मी मूळची कोल्हापूरची, इथे एकोणीस वर्षं बीगल पाळतेय. वयानं मोठी आहे, अरे-तुरे करते, राग मानू नको.

आधी फुप्फुसांचं. गोठत नाहीत. हवा नाकातून, घशातून आत जाईपर्यंत कोमट होते. अलास्कात गाडी ओढणारी कुत्री याहून कडक थंडीत शेकडो किलोमीटर पळतात. पण त्याच कुत्र्यांच्या श्वासनलिका कोरड्या थंड हवेत दमछाक झाल्यावर सुजतात, हेही डॉक्टरांनी तपासून पाहिलंय. म्हणून पळून आल्यावर दुसऱ्या दिवशी तुतारी खोकत असेल तर पुढचा शनिवार घरात. शिवाय त्या कुत्र्यांची लव आणि खुराक वेगळा. रात्रभर सोफ्यावर झोपणाऱ्या बीगलची बरोबरी त्यांच्याशी करायची नाही.

आता आजोबांचं "कुत्र्याला कळतं". अंगणातल्या कुत्र्याला कळतं. मागावर लागलेल्या हाउंडला, म्हणजे वासानं माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्याला, नाही कळत. तुतारीला थंडी वाजते का हे तुतारीला विचारू नको, ससा पुढे असताना ती खोटं बोलते.

माझा सगळ्यात वाईट दिवस उणे तीनचा होता. हो, तीनच. मार्च महिना, आमचा हंगाम मार्चअखेरपर्यंत असतो. ओढ्याकाठच्या आल्डरच्या झुडपांत माझी बीगल मैना सशामागे गेली. ओढ्यावर बर्फ, बर्फावर गुडघाभर भुसभुशीत हिम. त्या हिमाच्या ओझ्यानं खालचा बर्फ दबतो, चिरांतून पाणी वर येतं आणि हिमाखाली लपून राहतं. वरून काही दिसत नाही, पाय टाकला की लगदा. मैना पोटापर्यंत भिजली आणि तशीच तासभर पळत राहिली, कारण ससा तिच्या पुढे होता. मी उभी राहून कौतुकानं ऐकतेय, काय सूर लागलाय म्हणून! मग सूर थांबला. तिच्या गळ्यात जीपीएस पट्टा असतो, हातातल्या यंत्रावर बघितलं तर ती माझ्यापासून बाराशे मीटरवर, आणि ठिपका हलेना.

स्नोशूज, म्हणजे हिमात रुतू नये म्हणून पायाला बांधायच्या रुंद चौकटी, घालून बाराशे मीटर जायला मला पाऊण तास लागला. ती एका पडलेल्या सीडरच्या झाडाच्या आडोशाला नुसती उभी होती. कापत नव्हती. मला वाटलं, बरी आहे. मूर्ख मी. कापणारं कुत्रं अजून झुंजत असतं. कापरं थांबलं आणि अंग गारच असेल तेव्हा घाबरायचं. जॅकेटच्या आत पोटाशी धरून पिकअपपर्यंत आणली. थर्मामीटर लावला तर ३५.५. कुत्र्याचं साधारण ३८ ते ३९ असतं. टॉवेलनं कोरडी केली, कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि जांघेत ठेवल्या, आणि तडक डॉक्टर. वाचली. आठवड्यानं शेपटीचं टोक काळं पडलं, इंचभर कापावं लागलं. हिमदंश असाच उशिरा दिसतो. त्या दिवशी सगळं ठीक वाटतं.

म्हणून मी थर्मामीटरच्या आधी तीन गोष्टी बघते.

पाणी. सरोवराकाठी हवा उबदार वाटली तरी ओढे, दलदल, पाझर कुठे आहेत ते नकाशावर बघून मग जागा ठरवते.

वारा. उणे १८ ला ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २८ सारखं लागतं. ते कोष्टक माणसाच्या उघड्या तोंडासाठी आहे, केसाळ अंगासाठी नाही, हे मान्य. पण कानाचं टोक, पोटाची उघडी कातडी, पिलं होऊन गेलेल्या मादीचे सड, नराचे वृषण, तिथे लव कुठे असते?

आणि खरपुडी. मधे एक दिवस बर्फ वितळून रात्री परत गोठला की वर कडक पापुद्रा येतो. ससा त्यावरून टणाटण जातो, कुत्रं प्रत्येक पावलाला आत फसतं. पापुद्र्याची कड काचेसारखी लागते. पंज्याच्या गाद्या, वरचं नख, पुढच्या पायांची नडगी सोलून निघते. मागावर लाल ठिपके दिसायला लागले की खूप उशीर झालेला असतो. अशा दिवशी उणे पाच असलं तरी माझी कुत्री घरात.

हे सगळं नीट असेल आणि वारा पडलेला असेल तर माझा आकडा उणे १८, तोही दोन तासांसाठी. वारा असेल तर उणे १२. यात माया कमी, हिशोब जास्त. माझ्या अनुभवात उणे १८ च्या खाली, कोरड्या भुसभुशीत हिमात वासच धरत नाही. कुत्री सारखी माग हरवतात, गोल गोल फिरतात, दुप्पट दमतात आणि तुला ऐकायला काही मिळत नाही. उणे दहा ते उणे एक, आभाळ भरलेलं, हिम किंचित ओलसर, असा दिवस बघ. तुतारी खरी वाजेल.

फोनवरच्या आकड्यावर जाऊ नको. तो तुझ्या काठावरचा. सरोवर काठाला ऊब देतं, आतल्या सखल दलदलीत पहाटे थंड हवा साचून राहते. तुमच्या राज्याचा विक्रम टॉवर गावाजवळचा आहे, २ फेब्रुवारी १९९६, उणे ५१. तिथून तुझं सरोवर फार लांब नाही. पिकअपच्या आरशाला दहा डॉलरचा थर्मामीटर लटकव.

बूट बीगलला टिकत नाहीत, पहिल्या झुडपात एक जातो, दुसऱ्यात दोन. बोटांमधले केस कातर आणि गाद्यांना मेण चोळ. पिकअपमधल्या तिच्या पेटीत गव्हाचं काड भर, घोंगडं नको, ते ओलं होतं. जीपीएस पट्ट्याची बॅटरी थंडीत भराभर उतरते, पूर्ण चार्ज करून शेवटच्या मिनिटापर्यंत कोटाच्या आत ठेव. पट्टा बंद पडला तर तुझ्याकडे कुत्रं नाही, नुसता लांबून येणारा आवाज आहे.

औशाचा_कारवानवाला

काकू, छान लिहिलंत. आमच्याकडे लातूर भागात कारवान कुत्री. कातडी कागदासारखी पातळ, अंगावर चरबी नावाला नाही. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की आम्ही गोणपाट शिवून पांघरतो, लोक हसतात. शिकार अर्थात नाही, १९७२ च्या कायद्यानं ती कधीच बंद झाली. नुसतं माळावर पळवतो. हे कुत्रं तुमच्या तिथं टिकेल का?

यूपीतली_काकू

अंगणात लघवीला जाऊन येईल. गोणपाटासकट.

थंडर_बे

खायला आधी देता की नंतर?

यूपीतली_काकू

नंतर. सकाळी अगदी थोडं, परतल्यावर तासाभरानं भरपूर आणि चरबीचं. मधे कोमट पाणी, त्यात मटणाचा थोडा रस्सा टाकायचा, मिठा-मसाल्याशिवाय. नाहीतर बर्फ खाऊन तहान भागवतात आणि आतून गार पडतात.

सिन्नरकर_डुलुथ

काकू, आज शनिवार. सकाळी सातला फोन म्हणाला उणे १५. थर्मामीटर घेऊन दलदलीपाशी गेलो तर उणे २१! गाडीतच बसलो, आजोबांबरोबर थर्मासमधली कॉफी प्यायलो. आजोबांना तुमची मैनेची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, त्यांचाही एक कुत्रा असाच ओढ्यात गेला होता, १९८० च्या आसपास. तो सापडला नाही. दोन वर्षांत मला पहिल्यांदाच सांगितलं.

साडेअकराला उणे ११ झालं, वारा नव्हता, आभाळ भरून आलेलं. ओढ्यापासून लांब, जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यावरून सोडली. दोन फेरे पूर्ण ऐकले. दुसऱ्या फेऱ्यात ससा माझ्यासमोरून गेला आणि मी बघतच राहिलो. आजोबा चिडले.

आता घरी आलोय. पंजे स्वच्छ आहेत. पण कानांच्या कडेला आणि पोटाखालच्या केसांत बर्फाचे मणी गच्च बसलेत, वाटाण्याएवढे. ती चावून काढायला बघतेय. ओढून काढू का? बायको म्हणते हेअर ड्रायर लाव.

यूपीतली_काकू

ओढू नको, केसांबरोबर कातडी येते. ड्रायर नको, चोळूही नको. एकेक मणी मुठीत धर आणि वितळू दे. कानाचं टोक पांढरट किंवा कडक लागतंय का ते आधी बघ आणि लगेच सांग.

सिन्नरकर_डुलुथ

मऊ आहे, गुलाबी आहे. डाव्या कानाचे अकरा मणी झाले. उजवा बायकोकडे दिलाय.