अनुभव धागा: खुर्च्या उचलणारा कार्यकर्ता पदाधिकारी कसा होतो?

आरती झाली की खुर्च्या उचलायला पंधरा पोरं असतात. परवानगीचा अर्ज, मांडववाल्याशी बोलणी, हिशेब म्हटलं की तीच दोन पिकली डोकी. तुमच्या मंडळात, पथकात नवी माणसं कशी तयार करता? भाषणं नकोत, रीत सांगा.

जुना खजिनदार
सुरुवात पावतीपुस्तकापासून. शंभर पावत्यांचं एकच पुस्तक द्यायचं आणि रजिस्टरात पुस्तक क्रमांक, पहिला व शेवटचा पावती क्रमांक, तारीख लिहून सही घ्यायची. रोज रात्री स्थळप्रती आणि रोकड जुळवायची. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा, पोराच्या मोबाइलचा चालणार नाही. पावती चुकली तर फाडून फेकायची नाही. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. हिशेब आठवड्यावर गेला की घोळ होतो. चोरी क्वचितच असते. टेम्पोभाडं, चहापाणी जमलेल्या वर्गणीतून परस्पर दिलेलं असतं आणि नंतर कुणाला आठवत नाही. ज्याचं पुस्तक शेवटपर्यंत चोख, त्याच्याकडे पुढच्या वर्षी सगळी पुस्तकं वाटायचं आणि परत घ्यायचं काम द्यावं. खजिनदार तिथेच घडतो.

ढोल पथक, पुणे
सगळ्यात चांगला वाजवणारा रांगप्रमुख करू नका! त्याचे कान ताशावर आणि डोळे स्वतःच्या ढोलावर असतात; टोकाच्या मुलीच्या बोटातून रक्त येतंय हे त्याला दिसत नाही. आधी वाद्यदुरुस्तीला बसवा. फुटलेलं पान (ढोलाचा वाजवायचा पडदा) बदलणं, दोरी सगळीकडून सारखी ताणणं हे हाताला आलं की ढोल कुठे सैल पडलाय ते आवाजावरून कळतं. मग दहा ढोलांची एक रांग त्याच्याकडे द्या. पिशवीत जादा टिपरू (ढोल वाजवायची काठी), दोरी, चिकटपट्टी, पाणी. मुख्य म्हणजे, आपल्या रांगेतल्या कुणालाही वादनातून बाहेर काढायचा अधिकार त्याचा, आणि त्यावर पथकप्रमुखाने तिथल्या तिथे वाद घालायचा नाही. काही बोलायचं असेल तर ढोल उतरल्यावर.

रक्तदान शिबीर समन्वयक
आमच्याकडे नवा माणूस आधी बिस्किट-सरबताच्या टेबलावर. काम हलकं वाटतं, पण रक्त देऊन लगेच उठलेल्याला भोवळ येते ती तिथेच. त्याला बसवून ठेवणं, चेहरा पांढरा पडतोय का बघणं, वेळेत डॉक्टरांना हाक मारणं तो शिकतो. त्यानंतर नोंदणी: वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, मागच्या रक्तदानाला पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 120 दिवस झालेले. हिमोग्लोबिन 12.5 हवं, पण ते रक्तपेढीचे लोक तपासतात. इथे उत्साही कार्यकर्ता हमखास चुकतो. गोळ्या चालू असलेल्याला 'काही होत नाही, द्या' म्हणतो. त्याने फक्त विचारायचं आणि लिहायचं, निर्णय डॉक्टरांचा. आपल्या हातात काय नाही हे ज्याला कळलं, त्याच्याकडेच पुढे रक्तपेढीशी पत्रव्यवहार, खाटांची संख्या, वीज, पंखे द्यावेत.

मांडव विभाग
एकच सांगतो. पद देताना खर्चाची मर्यादा ठरवून द्या. दोन हजारांपर्यंत न विचारता, पुढे फोन करून. प्रत्येक खिळ्यासाठी अध्यक्षांना विचारावं लागलं तर तो विभागप्रमुख नसून निरोप्या आहे.

सचिव, नोंदणीकृत न्यास
कागद राहिला. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची रीतसर माहिती, द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, जुन्याचा राजीनामा, नव्याचं संमतीपत्र. हे राहिलं की बँकेत सही बदलायला गेल्यावर गाडी अडते, आणि नव्या खजिनदाराला प्रत्येक चेकसाठी जुन्याचं दार वाजवावं लागतं.

जुना खजिनदार
सचिवसाहेब, हे कुठे फसतं तेही लिहा.

सचिव, नोंदणीकृत न्यास
बहुतेक वेळा नोटिशीत. न्यासाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, पंधरा दिवस आधी असं असतं आणि आपण चार दिवस आधी व्हॉट्सअॅपवर टाकतो. म्हणून होणाऱ्या सचिवाला आदल्या वर्षीच नोटीस काढायला लावा, घटना शेजारी उघडी ठेवून. पोच-वहीवर सह्याही त्यानेच घरोघर जाऊन घ्यायच्या.