मदत हवी आहे: माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक, बाळाच्या बाप्तिस्म्याच्या ग्रुपवर रोज भांडणं

सलाम सगळ्यांना. मी सांगलीत राहते, माहेर मिरजेचं. आमचं घर मिशनच्या काळापासून प्रोटेस्टंट, आजोबा वॉनलेस हॉस्पिटलात कंपाउंडर होते. सासर वसईचं, पक्कं कॅथलिक, सासूबाई रोझरी (मरियेची जपमाळ) म्हटल्याशिवाय रात्री जेवायला बसत नाहीत. लग्नाला तीन वर्षं झाली, कधी कुणाचा कुणाला त्रास नव्हता, खरंच नव्हता. आता मुलगी झालीय, पाच महिन्यांची, तिच्या बाप्तिस्म्याची तयारी म्हणून मी दोन्हीकडच्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि तिथंच सगळं बिनसलं.

आधी हॉल, जेवण, केक असंच चाललं होतं. मग दादानं (माझा मोठा भाऊ) एक फॉरवर्ड टाकला, की कॅथलिकांनी बायबलातल्या दहा आज्ञांमधली मूर्ती करू नको ही आज्ञाच काढून टाकलीय. काकेसासरे भडकले, म्हणाले तुमचा पंथ तर एका राजानं दुसरं लग्न करायला काढला. दोन्ही चूक आहे हो! मी फादरना विचारलं, ती आज्ञा काढलेली नाही, ते ती पहिल्या आज्ञेतच धरतात आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन भागांत मोजतात म्हणून दहा होतात. आणि तो राजा, आठवा हेन्री, इंग्लंडच्या चर्चचा, आमचं मिशन प्रेसबिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतलाच वेगळा पंथ, त्याचं मूळ कॅल्विन आणि नॉक्स या धर्मसुधारकांकडं जातं. पण हे लिहिलं तर वाचतंय कोण, तोवर बायबलात ६६ पुस्तकं खरी का ७३ यावर गाडी गेलेली, मग पोप, मग येशूची आई मरिया, रात्री बारापर्यंत टायपिंग.

सासूबाई ग्रुपवर कधीच काही लिहीत नाहीत. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, "मी मरियेला देव मानत नाही, आईला सांगावं तसं सांगते, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून." त्याला कुणी उत्तरच दिलं नाही, ना माझ्या माहेरच्यांनी ना त्यांच्या माणसांनी. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर एकत्र प्रार्थना करतो. प्रभूची प्रार्थना म्हणताना सासरचे "वाइटापासून सोडव" ला थांबतात आणि आमचे "कारण की राज्य" म्हणून पुढं जातात, त्यांच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) पण ती ओळ येते पण मध्ये फादरची प्रार्थना असते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सगळे हसले होते. परवा दादा तेवढंच मुद्दाम मोठ्यानं म्हणाला.

नवरा म्हणतो ग्रुप डिलीट कर. मला ते नको वाटतं, ही पोर दोन्हीकडची आहे. ॲडमिन मीच आहे, पण वयानं मोठ्यांना गप्प बसा कसं म्हणू? आणि दादाच्या डोक्यात बसलंय की लग्नात चर्चनं माझी सही घेतली मुलं कॅथलिक करायची म्हणून. मी कसलीच सही केलेली नाही. वचन नवऱ्यानं दिलं, मला फक्त त्याची कल्पना दिली होती. कुणी अशातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, आमच्याकडं साताऱ्यात उलटं आहे, मी कॅथलिक, बायको सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट). ग्रुपवर एकच गोष्ट पाळा, दुसऱ्याचं चर्च काय मानतं हे त्याच्याच माणसाला विचारायचं, आपण सांगायचं नाही. आणि हे ग्रुपवर जाहीर करू नका, एकेकाला फोन करून सांगा, मोठी माणसं चारचौघांत ऐकत नाहीत. सहीचं तुम्ही म्हणता ते बरोबर, वचन फक्त कॅथलिक जोडीदाराकडून घेतात.

पण मला एक विचारायचंय, बाळाचा गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाचा धर्मपिता म्हणून उभा राहणारा, कोण ठरलाय? दादांना त्यात काही जागा आहे का? कॅथलिक बाप्तिस्म्यात प्रोटेस्टंट माणूस गॉडफादर होत नाही, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला असेल तर कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीनं साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. चर्चच्या कायद्यातच आहे ते, फादरना विचारून घ्या.

धागाकर्ती

भाऊ, तुमचे उपकार कसे मानू. गॉडफादर म्हणून नवऱ्याचा मावसभाऊ ठरला होता आणि तो फॉरवर्ड त्याच रात्रीचा आहे, आत्ता वर स्क्रोल करून तारीख बघितली. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बारशाला कुंची दादानंच आणलेली, पोरीला पहिल्यांदा हातात घेऊन रडला होता तो.

फादरना फोन केला, ते म्हणाले हो, आनंदानं. मग दादाला केला. ग्रुपचं, आज्ञांचं काही काढलंच नाही, नुसतं साक्षीदाराचं सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उभं कुठं राहायचं असतं? आणि सासूबाईंना सांग, त्यांचा तो मेसेज मी वाचलाय."