हमीपत्रावर सही केली, तर पाण्याखालच्या कामातील सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची?

प्रश्न:
जहाजांच्या बुडावर साचलेले शेवाळ आणि शिंपले खरवडण्याची कामे घेणाऱ्या एका लहान कंत्राटदाराकडे मी पाणबुडा म्हणून काम करतो. ठरावीक पगार नाही, कामागणिक पैसे मिळतात. नवे काम सुरू होण्याआधी आमच्याकडून एका हमीपत्रावर सही घेतली जाते. आपण स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरत आहोत आणि अपघात झाल्यास कंत्राटदार किंवा जहाजमालक उत्तरदायी राहणार नाहीत, असे त्यात लिहिलेले असते. शिवाय माणसे कमी पडली की सुपरव्हायझर स्वतःच पाण्यात उतरतो आणि वर एक मदतनीस तेवढा उरतो. अशा सहीला कायद्यात कितपत वजन आहे, आणि या पद्धतीला नकार देण्यासाठी कशाचा आधार घेता येईल?

पहिले उत्तर:
नेमका निर्णय तुमचे काम ज्या देशाच्या हद्दीत चालते तेथील कायद्यावर अवलंबून राहील. तरीही ब्रिटनचे १९९७ चे ‘डायव्हिंग ॲट वर्क रेग्युलेशन्स’ तुम्ही अवश्य वाचावेत, कारण जबाबदारीची वाटणी त्यात फार स्पष्टपणे केलेली आहे. प्रत्येक प्रकल्पाला एक आणि एकच डायव्हिंग कंत्राटदार असावा लागतो. कामाचा लेखी आराखडा करणे आणि सुपरव्हायझरची लेखी नेमणूक करणे ही त्याची कर्तव्ये आहेत. ज्या कामावर सुपरव्हायझर देखरेख करतो आहे, त्या कामादरम्यान त्याने स्वतः पाण्यात उतरू नये, असेही नियमातच म्हटले आहे. त्यामुळे तुमच्याकडे जे चालते ते तिथे सरळसरळ नियमभंग ठरेल. कामागणिक पैसे घेणारा स्वयंरोजगारी पाणबुडाही या नियमांच्या कक्षेत येतो. हमीपत्राबद्दल बोलायचे तर, व्यवसायातील निष्काळजीपणामुळे होणारा मृत्यू किंवा इजा यांची जबाबदारी कराराच्या कलमाने किंवा सूचनेने झटकता येत नाही, अशी तरतूद त्याच देशात १९७७ पासून आहे. सही घेतल्यामुळे पाणबुडा घाबरतो आणि हक्क मागत नाही, एवढाच त्या कागदाचा खरा उपयोग आहे असे माझे मत आहे.

दुसरे उत्तर:
जहाजमालकाचा मुद्दा मागे पडू नये. वरील नियमांनुसार प्रकल्पावर ज्याचे काही नियंत्रण आहे किंवा ज्याच्या कृतीने पाणबुड्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, अशा प्रत्येकावर कर्तव्य येते, आणि बुडाखालच्या कामात मोठे धोके जहाजाच्या यंत्रखोलीतच असतात. प्रोपेलर, रडर (सुकाणू) आणि समुद्राचे पाणी आत ओढणारे पंप बंद करणे पाणबुड्याच्या हातात नसते. पाणी आत ओढले जाते तिथे दाबात फरक पडतो आणि पाणबुडाही त्यात ओढला जाऊ शकतो. हा फरक किती क्रूर ठरतो हे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्रिनिदादमध्ये दिसले. समुद्राखालील तेलवाहिनीवर काम करणारे पाच पाणबुडे ३० इंच व्यासाच्या पाइपात ओढले गेले आणि त्यांतील एकच वाचला. म्हणून यंत्रे बंद असल्याचे तोंडी आश्वासन मुळीच स्वीकारू नका. स्विचला कुलूप आणि फलक लावलेला आहे, हे लेखी परवान्यावर जहाजाच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीसह मिळाल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. आम्ही स्कूबा (पाठीवरच्या टाकीतून श्वास घेण्याचे उपकरण) वापरतो, म्हणून व्यावसायिक डायव्हिंगचे नियम आम्हाला लागूच होत नाहीत, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे का?

तिसरे उत्तर:
उपकरण कोणते यावर नव्हे, तर काम कोणते यावर हे ठरते. अमेरिकेच्या नियमांत स्कूबाला सूट आहे, पण ती केवळ प्रशिक्षणासाठी, खुल्या प्रणालीच्या (सोडलेला श्वास थेट पाण्यात जातो अशा) संपीडित हवेवर आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची गरज पडणार नाही अशा मर्यादेत केलेल्या डायव्हिंगपुरती. बूड साफ करणे त्यात बसत नाही. उलट कामासाठी स्कूबा वापरताना १३० फुटांखाली जाण्यास तिथे मनाई आहे. पाणबुड्याची जीवनदोरी वरच्या माणसाच्या हातात असावी किंवा दुसरा पाणबुडा सतत नजरेच्या टप्प्यात सोबत असावा, अशी अटही आहे. तुमच्या नकाराला बळ देणारी आणखी एक तरतूद तिथे आहे: पाणबुड्याने काम थांबवण्याची मागणी केली की ते थांबवलेच पाहिजे. तुमच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. आजार किंवा अन्य कारणामुळे आपण पाण्यात उतरण्यास अयोग्य आहोत हे माहीत असताना उतरू नये, असे ब्रिटिश नियम सांगतात. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत तिथे जास्तीत जास्त बारा महिने असते. ते प्रमाणपत्र आणि प्रत्येक कामाची नोंद असलेली लॉगबुक स्वतःजवळ ठेवा. सुपरव्हायझर पाण्यात उतरला त्या दिवसांच्या नोंदीही त्यात तारखेसह असू द्या, कारण तक्रार करण्याची वेळ आली तर तपास अधिकारी प्रथम तीच मागतील.