चर्चा: साखरेचा सेन्सर माशालाही बसला, पण आकडा वाचणार कोण?

मेडिकलवाला (गंगाखेड)

दंडाला चिकटवायचा साखरेचा सेन्सर आता तालुक्याच्या मेडिकलवरही लोक विचारायला येतात. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो, कातडीखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो आणि मोबाईलवर आलेख काढून देतो. ह्याच जातीचं यंत्र जपानमध्ये माशाला बसवून झालं आहे. टोकियोच्या सागरी विज्ञान विद्यापीठातल्या हिदेआकी एन्दो यांच्या गटाने तिलापियाच्या डोळ्याच्या बाहेरच्या आवरणाखाली बारीक सेन्सर घातला. मासा घाबरला, दाटीत सापडला की त्याच्या रक्तातली साखर चढते, आणि ती चढताना बाहेर बसून बिनतारी वाचता येते. अमेरिकेत पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२३ मध्ये माशाच्या अंगात बसवायचं एक उपकरण जाहीर केलं. हृदयाचे ठोके, शेपटीची हालचाल, तापमान आणि मासा आहे कुठे, हे सगळं ते एकदम कळवतं.

कौतुक आहेच. पण मराठवाड्यापुरतं विचाराल तर असल्या यंत्रांमागे सरकारी पैसा घालायची ही वेळ नाही, असं माझं मत आहे. आधी आकडा वाचणारा माणूस, मग आकडा देणारं यंत्र.

काउंटरवर जे दिसतं त्यावरून बोलतो. एक गिऱ्हाईक साखरेचा आलेख दाखवून मलाच विचारतं, "गोळी वाढवू का?" त्याच्या मागचा उभा असतो शेततळ्यातल्या माशांसाठी अँटिबायोटिक मागायला, कारण माशांच्या अंगावर लाल चट्टे आलेत. आता रोहू-मृगळला हिवाळ्याच्या तोंडाला असे व्रण पडले तर तो बऱ्याचदा ‘ईयूएस’ नावाचा रोग असतो. तो होतो ॲफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळे. त्याच्यावर अँटिबायोटिक काहीही करत नाही. पैसे पाण्यात जातात ते अगदी शब्दशः, आणि वर तळ्यातले जिवाणू औषधाला सरावतात ते वेगळंच. ह्या माणसाला माशाच्या डोळ्यातला सेन्सर देऊन काय फरक पडणार? साखर चढलेली दिसेल. पुढे काय?

ज्यांना पटत नाही त्यांनी वाद घाला.

उदगीरकर_मत्स्य

दादा, व्रणाबद्दल बरोबर बोललात, निष्कर्ष मात्र चुकीचा काढलात. एन्दोंचा सेन्सर शेतकऱ्याला विकायला बनवलेलाच नाही. माशाला नेमका कशाचा आणि किती वेळ त्रास होतो हे जाणून घ्यायला तो आहे. पूर्वी हे कसं मोजायचे? मासा पकडायचा, सुई टोचायची, रक्त काढायचं. म्हणजे जो ताण मोजायचा तोच ताण मोजणाराच देणार! पोहत्या माशातला आकडा मिळाला की ही भानगड संपते.

आपल्याकडे त्याचा उपयोग कुठे? बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या माशाच्या पिल्लांच्या, वाहतुकीत. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून बीज येतं, टेम्पोत तास न् तास हिंदकळतं आणि तळ्यात सोडल्यावर दोन-चार दिवस मरत राहतं. शेतकरी म्हणतो बीज खराब, विकणारा म्हणतो पाणी खराब. पिशवीत किती दाटी चालते, सोडण्याआधी किती वेळ पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, आदल्या दिवशी उपाशी ठेवल्याने किती फरक पडतो, ह्याची उत्तरं थोड्या माशांवर सेन्सर लावून एकदा नीट काढली की पुढे कुणालाही सेन्सर घ्यावा लागत नाही. बोटुकलीच्या अंगावर यंत्र मावणार नाही हे मलाही कळतं, मोठ्या माशावरून सुरुवात करावी लागेल. पण संशोधन ते करायचंच नाही म्हणणं मला मंजूर नाही.

आणि माणूस नाही म्हणता? उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. आमच्यातली बरीच पोरं पदवी घेऊन आंध्रात कोळंबीच्या तळ्यांवर नोकरीला जातात. माणूस तयार होतो, त्याला इथं कुणी बसवत नाही.

शेततळ्याची_राखण (जालना)

तुमचं डोळ्यातलं यंत्र राहू द्या बाजूला. माझं तळं प्लास्टिकचं आहे. खाली माती नाही, त्यामुळं खाद्य जरा जास्त पडलं की पाणी लगेच बिघडतं, हिरवंगार होतं. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतंय, रात्री तेच शेवाळ आन् मासे मिळून ओढायलेत. पहाटे सगळ्यात कमी. तवा मासे वर येऊन तोंड वासायलेत. ढगाळ दिवस लागोपाठ आले की समजायचं, आज राखण करावी लागणार.

ऑक्सिजन मोजायचं मीटर मी घेतलंय. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असला तर कटला-रोहू मजेत, तीनच्या खाली गेला की धोका. मीटर खोटं बोलत नाही, पण पाण्यातच ठेवलं तर थोड्याच दिवसांत त्याच्यावर शेवाळ चढतंय आन् आकडा भरकटतोय. पुसा, पुन्हा कॅलिब्रेट करा. हे विकणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं.

बरं, पहाटे चारला मोबाईल वाजला, ऑक्सिजन दोन झाला. पाण्यात हवा घालणारं एरेटर लावायला लाईट पाहिजे ना? कृषी पंपाची लाईट पाळीनं येती. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी तेव्हा बरं, दिवसाची पाळी असली की पहाटे तळ्यावर बॅटरी घेऊन उभं राहायचं आन् बादलीनं पाणी उपसून वरून ओतायचं. मेडिकलवाले, तुमचं म्हणणं मला अर्धं पटलं. वाचणारा माणूस मीच आहे, मला आकडा वाचता येतोय. त्याच्यावर करायला हातात काही नाही.

नांदेडचा_टवाळ

थोडक्यात, माशाला आयसीयू आणि आयसीयूला लोडशेडिंग.

लातूरचा_डॉक्टर

माशांचं मला कळत नाही. पण साखरेच्या सेन्सरला ‘इथं गरज नाही’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मधुमेहात आपण सर्रास ‘तीन महिन्यांची सरासरी’, म्हणजे एचबीए१सी बघतो. ही तपासणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते. म्हणजे पेशी किती दिवस जगतात ह्यावर तिचं उत्तर अवलंबून. लोहाची कमतरता असली तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील, जशा सिकलसेल ह्या आनुवंशिक रक्तरोगात फुटतात, तर खोटा कमी येतो. आता २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. किनवटकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आहे. मग सांगा, ज्या तपासणीवर आपण गोळ्या ठरवतो ती नेमकी आपल्याच बायाबापड्यांत फसते. कातडीखालच्या द्रवातली साखर मोजणाऱ्या सेन्सरला पेशींच्या आयुष्याशी देणंघेणं नाही. म्हणजे युरोपातल्या रुग्णापेक्षा त्याचा उपयोग इथं जास्त.

सगळ्यांनी कायम लावावा असं मी म्हणत नाही, परवडणारही नाही. एचबीए१सी आणि बोटातल्या रक्ताची साखर जुळत नसली तर एकदा दोन आठवडे लावा, त्यावरून औषध बसवा, मग काढा. फक्त एक ध्यानात ठेवा. रक्तातली साखर झपाट्याने बदलत असताना हा सेन्सर काही मिनिटं मागे असतो. घाम फुटला, हातपाय कापायला लागले आणि आकडा चांगला दिसतोय, तर बोट टोचून बघा.

आणि टोचल्याशिवाय साखर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी कुणी विकत असेल तर घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलंय की असं एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. जत्रेतसुद्धा विकायला आलेली पाहिली आहेत.

मेडिकलवाला (गंगाखेड)

डॉक्टरसाहेब, रक्तक्षयाचा मुद्दा वजनदार आहे. पण तुम्ही स्वतःच लिहिलंत, ‘त्यावरून औषध बसवा’. कोण बसवणार? तुमच्या ओपीडीत रुग्णाला किती मिनिटं मिळतात? आलेख नीट वाचायला तेवढा वेळ तरी पाहिजे. मी सेन्सरच्या विरोधात नाही, त्याच्या आधी काय लागतं ते विचारतोय.

उदगीरकर, नॉर्वेचं उदाहरण घ्या. १९८७ च्या सुमारास तिथले सालमन-पालक वर्षाला पन्नास टनांच्या आसपास अँटिबायोटिक वापरत होते. आज उत्पादन कितीतरी पटींनी वाढलंय आणि औषध एक टनाच्याही खाली आलंय. हे कुठल्या सेन्सरने केलं? लसीने. एकेका माशाला टोचून.

उदगीरकर_मत्स्य

सालमनला लस परवडते, तुमच्या-माझ्या रोहूला एकेकाला टोचत बसलात तर मजुरीच माशाच्या भावात जाईल. शिवाय लस बनवायला रोग कोणता हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवणं म्हणजे मोजणंच की.

परभणीची_संशोधक

दोघंही एक गोष्ट सोडून देताय. यंत्र कुणाच्या अंगावर तपासलंय?

कोविडमध्ये घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर घ्या. तो तांबडा आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडून ऑक्सिजन ठरवतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशीन ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतलं रक्त काढून बघितलं, तर कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के वेळा ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला. गोऱ्यांत हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आत होतं. मशीन दशकानुदशकं वापरात होती. उन्हात रापलेल्या आपल्या माणसांवर तिचा आकडा किती खरा, हे अमेरिकेने आपल्यासाठी येऊन तपासायचं का? म्हणून ‘संशोधन तिकडे होऊ द्या, आपण नंतर वापरू’ हे मला पटत नाही. आपण केलं नाही तर दुसऱ्याच्या कातडीवर बेतलेलं यंत्र पूर्ण किंमत मोजून घ्यावं लागतं.

माशांतही तेच. ट्राउट थंड पाण्यातला, आमचा मृगळ उन्हाळी तळ्यातला. ट्राउटचे ठोके मृगळच्या कामाचे नाहीत. मात्र एक गंमत आहे: माणसाच्या औषधशास्त्रात जगभर वापरतात तो झेब्राफिश मूळचा आपल्याच उपखंडातला, रोहूचा लांबचा भाऊबंद. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडते, कापलेलं हृदय तो पुन्हा वाढवतो, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत त्याच्या मणक्याच्या चकत्या भरून येण्यावर काम चालतं. त्या कामातून माशाच्या शरीराचं जे कळतं ते रोहूच्या तळ्यापर्यंत आणायला मधली कडी हवी. ती उदगीर-परभणीत बसू शकते. दिल्लीत बसणार नाही.

केजकर_ताई (बीड)

मोजायचं ठीक, आकडा जाणार कुणाच्या मोबाईलवर?

ऊसतोड मजुरांच्या मनगटावर उन्हाचा त्रास मोजणारं घड्याळ बांधावं, अशी सूचना मी एका बैठकीत ऐकली. ठोक्यांवरून अंगातली उष्णता ओळखता येते म्हणे. येत असेल. पण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या कोयत्याने (मजूर जोडप्याने) एक दिवस दांडी मारली की खाड्याचे पैसे कापतात. मुकादमाला घड्याळावरून कळलं की अमकी बाई दुपारी वीस मिनिटं बसली, तर घड्याळ तिच्या जिवावर उठणार. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढायच्या ऑपरेशनांचे आकडे २०१९ मध्ये सरकारी समितीने काढलेच होते, तेरा हजारांवर. आकडा निघाल्याने फडातला संडास बांधून झाला का?

निकाराग्वा, एल साल्वादोरकडे ऊसतोड मजुरांच्या किडन्या तरुणपणी जायच्या. तिथं उपाय झाला पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती. घड्याळ नव्हे.

परभणीची_संशोधक

ताई, उपाय तुम्ही सांगितला तोच. पण मजुरांचं पाळीआधी आणि पाळीनंतर रक्त तपासून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवर ताण आल्याची खूण, वाढलेलं दाखवलं, तेव्हा कारखान्यांना ऐकावं लागलं. त्याआधी ‘दारू पितात म्हणून होतं’ असंच म्हणत होते लोक. मालकी मजुराची आणि नावं झाकलेली, ह्या अटीवर मोजायला तुमची हरकत आहे का?

केजकर_ताई (बीड)

लेखी अट असेल आणि घड्याळ मुकादमाच्या हातून वाटणार नसाल, तर नाही.

पैठणचा_भोई

तुम्ही सगळे तळ्यावाले. नाथसागरात, जायकवाडी धरणाच्या एवढ्या पाण्यात, सेन्सर कुठल्या माशाला लावता, दाखवा मला. आमचं दुखणं सोपं आहे. मासे मरून वर आले की कळवायचं कुणाला? कळवलं तर म्हणतात नमुना आणा. नमुना गाडीवर घालून नेईपर्यंत इतका वास सुटतो की आत घेत नाहीत.

मेडिकलवाला (गंगाखेड)

हेच! माझा धागा ह्याच्यासाठी होता.

उदगीरकर_मत्स्य

भोईदादा, मेलेला मासा नेऊच नका, उन्हात तासा-दोन तासांत तो तपासायच्या कामातून जातो. मरायला टेकलेला, गिरक्या घेणारा मासा धरा. जिवंत नेता आला तर ऑक्सिजनच्या पिशवीत, नाहीतर जागेवरच कल्ला, यकृत, मूत्रपिंड आणि व्रणाच्या कडेचा तुकडा कापून बाटलीत घाला. २०२३ पासून केंद्राचं मासळीचे रोग कळवायचं ॲप आहे, त्यावर फोटो टाकला की जिल्ह्याच्या मत्स्य अधिकाऱ्याकडे आणि शास्त्रज्ञांकडे जातो. मी तेच सुचवीन.

पैठणचा_भोई

बाटलीत काय घालायचं ते सांगा. ॲप पोरगा बघेल.

उदगीरकर_मत्स्य

दोन बाटल्या ठेवा. एकीत फॉर्मलीन, एक भाग फॉर्मलीनला नऊ भाग पाणी, आणि तुकडे बोटाच्या अर्ध्या रुंदीपेक्षा जाड नकोत. तुकड्यांच्या दहापट द्रव पाहिजे, नाहीतर आतून कुजतात. दुसरीत ९५ टक्क्यांचं अल्कोहोल, ते विषाणूच्या तपासणीसाठी. हातमोजे घाला, फॉर्मलीन डोळ्यांना झोंबतं.

मेडिकलवाला (गंगाखेड)

फॉर्मलीन प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही, अल्कोहोललाही कागद लागतो. हे सामान मत्स्य कार्यालयाने मच्छीमार सोसायटीला पुरवायला हवं. पैठणच्या सोसायटीने अर्ज करायचा असेल तर मसुदा मी लिहून देतो.

शेततळ्याची_राखण (जालना)

लिहा. त्याच अर्जात पहाटेच्या लाईटचंही टाका.

नांदेडचा_टवाळ

ते महावितरणकडे. वेगळा अर्ज, वेगळा शिक्का.