विषय: यंदाची सहल पोर्ट शिकागोला न्यावी का?

नमस्कार मंडळी,

नापाला आपण जाऊन आलोय, म्हणून यंदा मी कॅलिफोर्नियातलंच पोर्ट शिकागो सुचवते. कॉन्कॉर्डला राहणाऱ्यांच्या तर हाकेच्या अंतरावर आहे, पण अनेकांनी नावही ऐकलेलं नसेल. १७ जुलै १९४४ च्या रात्री १० वाजून १८ मिनिटांनी तिथल्या अमेरिकन नौदलाच्या धक्क्यावर जहाजात दारूगोळा भरताना स्फोट झाला. ३२० माणसं गेली, त्यांतले २०२ कृष्णवर्णीय. ओळख पटेल असे मृतदेह फक्त ५१ मिळाले. बाँब चढवणारे सगळे खलाशी कृष्णवर्णीय, वरचे अधिकारी सगळे गोरे. स्मारक लष्करी तळाच्या आत आहे, आधी नोंदणी करावी लागते, म्हणून आताच विचारते.

शैला

---

शैलाताई,

जरूर जाऊ या. पण पुन्हा बाँब चढवायला नकार दिला म्हणून त्या खलाशांपैकी ५० जणांवर पुढे बंडाचा खटला चालला, तेही मुलांना सांगा. ऐन महायुद्धात हुकूम मोडल्यावर कुठलं नौदल गप्प बसेल? माझे वडील फौजेत होते. शिस्त सुटली की फौज संपली, हे ऐकतच मी वाढलो. मेलेल्यांना मान द्यावा. हुकूम मोडणाऱ्यांना कशासाठी?

प्रकाश

---

प्रकाशकाका,

शिस्त हवीच. पण हुकूम देणाऱ्यावरही काही जबाबदारी असते ना? या पोरांना बाँब हाताळायचं धड शिक्षणसुद्धा दिलं नव्हतं. कुठली तुकडी जास्त माल चढवते यावर अधिकारी आपसांत पैजा लावायचे. स्फोटातून वाचलेल्यांनीच सोबत्यांच्या देहांचे तुकडे गोळा केले. त्यानंतर गोऱ्या अधिकाऱ्यांना रजा मिळाली, यांना नाही. मृतांच्या घरच्यांना ५,००० डॉलर द्यायचा प्रस्ताव होता. मरणारे बहुतेक काळे आहेत म्हटल्यावर मिसिसिपीचे खासदार रँकिन आडवे आले आणि रक्कम ३,००० वर आली. हे वाचताना माझा संताप संताप झाला.

९ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांनी, मेअर आयलंड या नौदलाच्या तळावर त्यांना पुन्हा त्याच कामाला जुंपायला निघाले. २५८ जण जागचे हलले नाहीत. दुसरं कुठलंही काम करतो, हे नको, एवढंच बहुतेकांचं म्हणणं होतं. गोळ्या घालू म्हटल्यावर बरेच नमले. खटला भरलेल्या ५० जणांत एकाचं मनगट मोडून प्लॅस्टरमध्ये होतं, काका. तो काय बाँब उचलणार होता? सगळ्यांना १५ वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल तेव्हा वकील होते. ते स्वतः खटल्याला येऊन बसले आणि आरोपी खरं तर नौदलाचं धोरणच आहे, असं उघड बोलले.

त्यांतल्या बहुतेकांची जानेवारी १९४६ मध्ये सुटका झाली. फेब्रुवारीत नौदलाने सगळी कामं सगळ्या वर्णांच्या खलाशांना खुली केली. त्याच फेब्रुवारीत मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरच्या आपल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या यांवरून काम बंद पाडलं होतं. हुकूम त्यांनीही मोडलाच की. त्यांचं स्मारक कुलाब्याला आहे आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटतो.

या खलाशांवरचा डाग पुसायला नौदलाला १७ जुलै २०२४ उजाडावा लागला. त्याआधी १९९९ मध्ये फ्रेडी मीक्स यांना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी दिली होती. इतर काहींनी अर्जच केला नाही. माफी मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं त्यांना वाटत होतं.

शैला

---

ताई,

लढाईच्या काळात हुकूम मोडण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण प्लॅस्टरमधल्या हातावर बंडाचा आरोप ठेवणाऱ्यांना शिस्तीचं नाव घ्यायचा अधिकार नाही, हेही तितकंच खरं. आमची दोघांची नावं घाला. तळावर ओळखपत्र कोणतं चालतं ते विचारून ठेवा, आणि बस ठरवायची असेल तर मी बघतो.

प्रकाश